आबाकाकांना दिलेला धीर

माझ्या आबाकाकांना मी एका इंग्रजी शब्दाने जवळजवळ मारलं. शब्द चांगला होता, आणि माझा हेतू तर त्याहूनही चांगला होता.

तेव्हा हैदराबादेत निजामाचं राज्य होतं आणि कचेऱ्यांचा सगळा कारभार उर्दूत चालायचा. मी बावीस वर्षांचा, एका कचेरीत उमेदवारी करत होतो. नवे साहेब इंग्रजी येणाऱ्यालाच कायम करणार अशी आवई उठली आणि मी घाईघाईने डॅनियल मास्तरांची शिकवणी लावली. मास्तरांची पद्धत विचित्र होती. आठवड्याला एकच शब्द! "पाठ करू नका, वापरून या. वापरल्याशिवाय शब्द आपला होत नाही," असं ते म्हणायचे. त्या आठवड्याचा शब्द होता 'रीअश्युअर'. म्हणजे घाबरलेल्या माणसाची काळजी दूर करायची. आवाज हळू, चेहरा शांत, हात त्याच्या खांद्यावर. एवढं सगळं एका शब्दात! (इंग्रजांनी अर्धं जग उगीच नाही घेतलं, असं मला त्या दिवशी वाटलं.)

अडचण एवढीच होती की आमच्या काचीगुड्याच्या घरात कुणी कुणाशी हळू बोलतच नसे. माया भरपूर, पण ती ओरडून. ताप आला की काकू म्हणायची, "बसा अजून नळाखाली!" पडून आलो की आधी दोन धपाटे, मग हळद. मऊ आवाज आमच्याकडे एकाच प्रसंगी निघायचा, माणूस आता वाचत नाही असं ठरल्यावर. आजोबांशी शेवटचे तीन दिवस सगळे साखरेसारखे गोड बोलले होते. हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असलेली गोष्ट वेळेवर आठवेल तर तो मी कसला!

आबाकाका अदालतीत वकील. माझे वडील लवकर गेले, तेव्हापासून त्यांनीच मला वाढवलं होतं. एका थंडीत त्यांना पडसं झालं, नेहमीचे हकीमसाहेब औषध देऊन गेले आणि काका अंथरुणावर पडून शिंकू लागले. मी संधी साधली. जवळ बसलो, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणालो, "काका, काळजी करू नका. सगळं ठीक होईल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं. आलेली शिंक परत गेली.

"हकीमसाहेब काही बोलले का?"

"काही नाही. तुम्ही मन शांत ठेवा."

"बरं," काका म्हणाले.

बरं! माझ्या कुठल्याही बोलण्याला काकांनी उभ्या जन्मात 'बरं' म्हटलं नव्हतं. मी खूश झालो. शब्द लागू पडला होता! दुसऱ्या दिवसापासून मी तो सकाळ-संध्याकाळ सुरू केला.

त्याच दिवशी काकांनी चहा परत पाठवला आणि खटल्यांची कागदपत्रं दुसऱ्या वकिलाकडे धाडली. समोरच्या मुन्शीजींना आमच्या घरातून आरडाओरडा ऐकू येईना, तेव्हा ते चपला हातात घेऊन आत आले. "वकीलसाब, फिकर नक्को करो. अल्ला मालिक है." काकांनी डोळे मिटून घेतले. काकूला वाटलं, हकिमांनी मला एकट्याला काहीतरी सांगितलंय. मग तिचाही आवाज उतरला. "अहो, दोन घोट पेज घेता का?" लग्नानंतर पहिल्यांदाच इतक्या हळू आलेलं ते 'अहो' ऐकून काकांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांची उरलीसुरली आशा तिथेच संपली.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला घर ओळखू येईना. भांडं वाजत नव्हतं, दार आपटत नव्हतं. आतल्या घड्याळाची टकटक अंगणात ऐकू येत होती. मी दिवा घेऊन काकांच्या खोलीत गेलो. ते माझ्या मागच्या कोपऱ्यात टक लावून बघत होते. तिथे आजोबांची वेताची खुर्ची होती, तिच्या पाठीवर काकांचं उपरणं टाकलेलं.

"दिनू, वडील आलेत."

"कुठे?"

"खुर्चीत बसलेत. मला न्यायला."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण घाबरलेल्या माणसाचं बोलणं खोडायचं नाही, अशी मास्तरांची ताकीद होती. मी हळू आवाजात म्हणालो, "बसू द्या ना. दमले असतील."

माझ्या मागे वेत करकरला.

मी मागे पाहिलं नाही. भिंतीला पाठ घासत बाहेर आलो. दिवा आतच राहिला.

बाहेर हकीमसाहेब आले होते. आत जाऊन नाडी बघून आले आणि मला ओसरीवर घेऊन गेले. "नब्ज बिलकुल दुरुस्त है. मगर इनो जाने की तैयारी कर को बैठे. तीन रोज से पेट में दाना नै. ऐसाइच चला तो सच्ची में चले जाते." मग त्यांनी घराकडे कान दिला. "बीस बरस से आता मैं. इस घर में इत्ती खामोशी कब्बी नै सुना. चिल्लाने वाले कां गए?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या माणसाने मला बापाची उणीव भासू दिली नाही, त्याला मी गोड बोलून बोलून मारत होतो! मला रडूच फुटलं.

"काकू, तू ओरड त्यांच्यावर!"

काकूने तोंड उघडलं, पण हुंदकाच आला. "नाही रे होत. आवाजच फुटत नाही."

राहिलो मी. आबाकाकांवर ओरडायचं! आमच्या कुळात अजून कुणा धाकट्याने ते केलं नव्हतं.

आत गेलो. खुर्ची करकरतच होती, संथपणे. मी "उठा!" म्हणालो, तर नुसतीच फुंकर निघाली. मग डोळे मिटले आणि ओरडलो, "उठा म्हणतो ना! पडसं झालंय पडसं! हे काय सोंग लावलंय? तिकडे पक्षकार खोळंबलेत, आणि दाढी बघा, फकीर परवडला!"

काकांचा एक डोळा उघडला. गालावर किंचित लाली आली. मला चेव चढला. मी कोपऱ्याकडे हात करून म्हणालो, "आणि आजोबा, तुम्ही पण निघा! बोलावलं कुणी तुम्हाला? चला, उठा!"

करकर थांबली. काका ताडकन उठून बसले.

"माझ्या वडिलांना निघा म्हणतोस, गाढवा?"

आणि अशी थोबाडीत बसली की काचीगुडा स्टेशनवर गाडी सुटल्याचा भास झाला असेल! काकू धावत आली आणि तीन दिवसांचा साठलेला आवाज एकदम सोडला, "अहो, त्याला काय मारताय? आधी गिळा दोन घास! घराला नुसता घोर लावलाय!" आत भांडी आदळली. समोरून मुन्शीजी ओरडले, "शुक्र है अल्ला का!" घटकाभरात काका भातात मीठ कमी आहे म्हणून भांडत होते.

मी तेव्हा कुठे खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. तिच्या पाठीवर टाकलेलं काकांचं उपरणं मात्र नीट घडी होऊन बसायच्या जागी ठेवलेलं होतं. ती घडी कुणी घातली, हे आमच्यापैकी कुणीही कधी विचारलं नाही.

काकांचं पडसं चार दिवसांनी गेलं, माझी दाढ मात्र थोबाडीत बसली त्याच क्षणी गेली होती. लोक शब्दांनी धीर देतात म्हणे. माझ्याकडूनही तो अख्ख्या घराला मिळाला, फक्त त्यासाठी आधी मला मार खावा लागला!