सिक रिपोर्टमधलं तिसरं नाव

१९८९च्या पावसाळ्यानंतर आमची कंपनी उत्तरेतल्या एका पहाडी चौकीवर होती. मी कंपनी हवालदार मेजर होतो. फौजेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: जवानांची हजेरी, ड्यूटी, सुट्टी आणि आजारपण हे सगळं आधी हवालदार मेजरच्या हाताखालून जातं, मग साहेबांपर्यंत पोहोचतं. जवान त्याला नुसतं ‘मेजर’ म्हणतात.

सिक परेड सकाळी सात वाजता. ज्याला बरं नाही त्याने लंगरच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या, मागे रांगेत उभं राहायचं आणि तक्रार सांगायची. मी पेन्सिलने कच्ची यादी करायचो. नऊच्या आत पक्की यादी शाईने लिहून आरएमओकडे, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरकडे, जायची. कच्च्या यादीतलं नाव पक्क्या यादीतून गाळण्याचा अधिकार मला नव्हता. तरी मी गाळायचो. सगळेच हवालदार मेजर गाळतात. कोण खरा आजारी आणि कोण पिकेटवरचा पहारा टाळतोय हे आपल्याला बघताक्षणी कळतं, असं आम्हाला वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीची पार्टी खाली उतरण्याच्या आदल्या सकाळी रांगेत चौघे होते. तिसरा लान्स नाईक बाळाराम. चामटोलीचा. मी बदलापूर गावातला. पलटणीत एवढ्या जवळचे आम्ही दोघेच. त्याचं लग्न त्याच वर्षीच्या मे महिन्यात झालं होतं आणि ही लग्नानंतरची पहिलीच दिवाळी होती. सुट्टीच्या यादीत त्याचंही नाव होतं, माझंही.

“काय रे, तुला काय झालं?”

“दाढ, मेजर. खालची, डावी. चार दिवस झाले.”

मी नाव लिहिलं. तिसरं. गाल थोडा सुजला होता. बॅटरी लावून मी तोंडात पाहिलं. मला त्यातलं काय कळणार होतं!

“आज सिक झालास तर आरएमओ तुला खाली डेंटल सेंटरला पाठवणार. पंधरा दिवस तिथे. सुट्टी कॅन्सल. दिवाळी नर्सिंग असिस्टंटबरोबर साजरी कर.”

“मग काय करू?”

“काय करू म्हणजे? बदलापूर-अंबरनाथचे सगळे डेंटिस्ट मेले काय?”

रांगेतले बाकीचे हसले. तोही हसला, एका बाजूने. मी त्याच्या नावावर आडवी रेघ मारली. पक्क्या यादीत तीनच नावं गेली.

त्याने गयावया केली नव्हती. हे लिहिणं आवश्यक आहे. त्याने सांगितलं, आणि मी ठरवलं.

दोन दिवस ट्रकने, तीन दिवस रेल्वेने. ट्रकमध्ये तो गालाला मफलर बांधून बसला होता. गाडीत वेदनाशामक गोळ्यांनी दुखणं उतरलं, सूजही थोडी कमी वाटली. मी म्हणालो, “बघ, नुसता थंडीचा ठणका होता.” कल्याणला उतरलो तेव्हा तो बराच मोकळा बोलत होता. बदलापूर स्टेशनाबाहेर आल्यावर तो मला मेजर म्हणायचं सोडून दादा म्हणू लागला. दर सुट्टीत तसंच व्हायचं. “दादा, पाडव्याला या. आये वाट बघंल,” म्हणाला आणि चामटोलीच्या रस्त्याला लागला.

पाडव्याच्या सकाळी आठ वाजता मी मेव्हण्याची स्कूटर घेऊन चामटोलीला गेलो. अंगणात रांगोळी होती. बाळाराम ओटीवर पुढे वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. तोंड अर्धं उघडं. लाळ गळत होती आणि तो ती टॉवेलाने पुसत होता. जबड्याखाली दोन्ही बाजूंनी सूज उतरली होती. मी बोट लावून पाहिलं. लाकडासारखी कडक.

त्याची आई म्हणाली, “रातपासून पानी पन गिलत नाय. लवंग धरली, हलद लावली. काल बदलापूरला जाऊन आला तं दवाखाना बंद.”

“अरे, मग मला निरोप नाही का द्यायचा?”

तो काहीतरी बोलला. तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा आवाज. त्याची बायको सुमन दारात उभी होती. तिने सांगितलं, “म्हणतात, सणाचा तुमाला तरास कशास.”

इथे मला थांबावं लागतं. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मुंबईत मिलिटरी हॉस्पिटल आहे, हे मला माहीत होतं. सुट्टीवरच्या जवानाला तिथे कधीही घेतात, हेही माहीत होतं. पण तिथे पहिला प्रश्न असतो: कधीपासून? दुसरा: युनिटमध्ये रिपोर्ट केलं होतं का? मग पलटणीला सिग्नल जातो. माझी आडवी रेघ मला दिसली. मी स्वतःला सांगितलं, दाढच आहे. डेंटिस्ट गाठू, दाढ काढू, संध्याकाळी पोरगा ओवाळून घेईल.

ओटीवरच्या ओवाळणीच्या ताटाकडे बघत आई म्हणाली, “ओवालून तरी जा रं.”

“परत आल्यावर,” मी म्हणालो. तो स्कूटरवर मागे बसला. ताप मला शर्टातून जाणवत होता.

बदलापूरच्या दवाखान्याला कुलूप होतं. फळ्यावर खडूने लिहिलं होतं: दिवाळीनिमित्त बंद, भाऊबीजेनंतर भेटा. मी तरीही दार वाजवलं.

सव्वानऊला अंबरनाथ पूर्वेला पोहोचलो. पहिला दवाखाना बंद. शटरवर झेंडूचं तोरण आणि कुंकवाचं स्वस्तिक. दुसरा डॉक्टर दवाखान्याच्याच माडीवर राहायचा. मी जिना चढलो. शेजारच्या बाई दिव्याचं ताट घेऊन बाहेर आल्या.

“डॉक्टर नाहीत हो. सासुरवाडीला गेलेत. पहिलाच दिवाळसण ना त्यांचा.”

“दुसरं कोणी?”

“आजच्या दिवशी दात कोण काढतं, भाऊ?”

खाली बाळाराम स्कूटरला टेकून उभा होता. रस्त्यावर पोरं लवंगी माळा लावत होती. प्रत्येक आवाजाला तो दचकत होता. एरवी गोळीबारातही हा माणूस दचकत नसे.

औषधांच्या एका दुकानाचा मालक अर्धं शटर वर करून पूजेचं निर्माल्य काढत होता. त्याने कॅप्सूल दिल्या. बाळारामला त्या गिळता आल्या नाहीत. पाणी नाकातून बाहेर आलं. मालकाने ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. “उल्हासनगरला जा. कॅम्पात गल्लीगल्लीत दातवाले आहेत. एखादा घरी सापडेल.”

मी पेट्रोलिंगचा कमांडर असतो तर तिथेच रूट बदलला असता. एक वाट बंद, दुसरी बंद, तर तिसरीवर सगळी पार्टी घालायची नाही. हे मी शिकवत आलो होतो. मी स्कूटर उल्हासनगरकडे वळवली.

उल्हासनगरला आम्ही पावणेदोन तास फिरलो. दातवाल्यांच्या पाट्या भरपूर होत्या. रंगवलेला भलामोठा दातांचा जबडा आणि खाली कुलूप. एका ठिकाणी कंपाउंडर सापडला. “चावी सेठ के पास, सेठ हरिद्वार.” एका ठिकाणी कवळ्या बनवणारा ओट्यावर बसला होता. पक्कड दाखवून म्हणाला, “बसवा इथे, एका झटक्यात काढतो.” बाळारामने तोंड उघडायचा प्रयत्न केला. बोटभरसुद्धा उघडलं नाही. कवळीवाल्याने पक्कड खाली ठेवली आणि माझ्याकडे बघायचं बंद केलं.

साडेअकरा झाले होते. एका कापडदुकानाचा सिंधी मालक पायरी धूत होता. त्याने आम्हाला दुसऱ्यांदा त्याच गल्लीतून जाताना पाहिलं.

“अरे भाई, क्या ढूंढ रहे हो? दुकान सब बंद है.”

“दातांचा डॉक्टर. फौजी आहे, सुट्टीवर आलाय.”

“फौजी?” त्याने बादली खाली ठेवली. बाळारामकडे पाहिलं. “साईं, ये तो बैठ भी नहीं पा रहा. चलो मेरे साथ.”

तो आम्हाला जुन्या बराकींकडे घेऊन गेला. त्या बराकी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी बांधलेल्या, फाळणीनंतर तिथे सिंधी कुटुंबं राहिली. एका खोलीत म्हातारे डेंटिस्ट राहत होते. दवाखाना बंद करून त्यांना काही वर्षं झाली होती. हात थरथरत होते. खिडकीजवळ खुर्ची ओढून त्यांनी बाळारामला बसवलं, चमच्याच्या दांड्याने ओठ बाजूला केला, जीभ पाहिली. जीभ वर टाळूला लागली होती.

“कितने दिन से है?”

मी बोलायला तोंड उघडलं. बाळारामने माझ्याकडे पाहिलं आणि दोन बोटं वर केली.

“दो दिन? पक्का?”

त्याने मान हलवली.

बारा दिवस झाले होते. मी काही बोललो नाही.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “ये अब दांत का केस नहीं है, बेटा. इन्फेक्शन गले में उतर गया है. गला बंद हो जाएगा. बड़ा हॉस्पिटल. अभी. लिटाना मत, बैठाके ले जाना.” त्यांच्याकडे फोन होता. त्यांनी जवळच्या दोन नर्सिंग होमना फोन केला. एकीकडे सर्जन गावाला, दुसरीकडे भूल देणारा डॉक्टर नाही. तिसरा फोन मी मिलिटरी हॉस्पिटलला लावला. नंबर माझ्या पे-बुकच्या मागच्या पानावर लिहिलेला होता. तो सकाळपासून माझ्या खिशात होता.

मी रँक, नाव, युनिट सांगितलं. पलीकडून ड्यूटी मेडिकल ऑफिसरने विचारलं, “इज ही ब्रीदिंग?”

“येस सर. विथ डिफिकल्टी.”

“कीप हिम सिटिंग. ब्रिंग हिम. थिएटर तयार ठेवतो.”

फोन दोन मिनिटांत संपला. कधीपासून, असं त्याने विचारलंच नाही.

कापडवाल्याने स्वतःची मॅटाडोर काढली. नव्या वर्षाच्या पूजेचं कुंकू तिच्या काचेवर ओलं होतं. सव्वाबाराला निघालो. मी मागे बाळारामला छातीशी टेकवून बसलो. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. कल्याणच्या पुलावर वाहनं अडली होती. कापडवाला खिडकीतून ओरडत होता, “फौजी है, फौजी है, साइड दो.” लोक बाजूला होत होते. शक्य तेवढे झाले.

शिळफाट्याच्या अलीकडे शिट्टी थांबली. मला आधी वाटलं, आराम पडला. मग त्याच्या हातांनी माझी बाही घट्ट धरली. मी ओरडलो. कापडवाल्याने गाडी कडेला घेतली. मी फौजेत जखमा बांधायला शिकलो होतो, बंद झालेला गळा उघडायला नाही. मी त्याची पाठ थोपटली, तोंड उघडायचा प्रयत्न केला, छाती दाबली. कापडवाला पलीकडच्या दाराशी हात जोडून उभा होता. एक वाजून पाच मिनिटांनी बाही सुटली.

चामटोलीत पाडव्याचं ताट दुपारीही ओटीवर तसंच होतं.

सुट्टी संपवून मी चौकीवर परत गेलो. पहिली गोष्ट केली ती ही: कच्ची यादी बुखारीच्या विस्तवात टाकली. काही दिवसांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. कॅप्टनसाहेबांनी विचारलं, “सुट्टीवर जाण्याआधी जवानाने सिक रिपोर्ट केलं होतं?”

“नाही साहेब.”

“तक्रार कधीपासून होती?”

“दोन दिवस, साहेब. डेंटिस्टसमोर त्याने स्वतः सांगितलं.”

कागदावर लिहिलं गेलं: मृत्यू स्वतःच्या दुर्लक्षामुळे. मी साक्षीदार म्हणून सही केली. त्याने माझ्यासाठी वर केलेली दोन बोटं मी त्याच्याच विरुद्ध वापरली.

मी पुढे सुभेदार होऊन निवृत्त झालो. बदलापुरात राहतो. दर पाडव्याला चामटोलीला जात राहिलो. त्याची आई मला दारातच बसवायची, चहा द्यायची आणि दर वर्षी तेच बोलायची, “येडा पोर माजा. येवढा दुखत व्हता तं कुनास सांगायचा तरी.” मी चहा प्यायचो. ती अशी सतरा-अठरा वर्षं बोलली आणि मग गेली. शेवटपर्यंत मुलावर थोडी रागावलेलीच होती.

गेल्या पाडव्याला मी सुमनला सगळं सांगितलं. ती आता स्वतः म्हातारी होत आली आहे. ती सूप घेऊन तांदूळ निवडत होती. माझं बोलणं संपेपर्यंत निवडत राहिली. मला वाटलं होतं, ती मला घरातून हाकलेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो.

ती एवढंच म्हणाली, “आता ह्यांच्या आयेस कोन सांगंल?”

तिने सूप उचललं आणि आत गेली. त्यानंतर मी गेलो नाही.

पलटणीच्या स्मृतिदिनी शहिदांची नावं वाचतात. त्यात बाळारामचं नाव नसतं. तो शत्रूच्या गोळीने गेला नाही, हे खरं आहे. मी त्याचं नाव तिथे मागत नाही. मला फक्त एक यादी दुरुस्त करायची आहे. ती जाळलेली असल्यामुळे इथे लिहितो.

सिक रिपोर्ट. सकाळी सात. क्रमांक तीन. लान्स नाईक बाळाराम, राहणार चामटोली. खालची डावी दाढ, चार दिवस. परेडला वेळेवर हजर होता.

त्याने सांगितलं होतं.