पेनरोजमार्गे रशिया

आमच्या ऑफिसात स्टेपलर हरवतो, कात्री हरवते, गोखलेकाकांचा चष्मा तर रोज हरवतो. किस्सा मात्र एकही हरवत नाही! फाइल बंद करून कपाटात टाकली की वाटतं, संपलं. पण चार मंडळी चहाला जमली की कुणीतरी म्हणतंच, "मेधा, ते रशियाचं सांग ना." मग काय, मी सांगते. आधीच सांगून ठेवते, मी पुण्याची आहे, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी हे किस्से सांगताना मी दाराकडे पाठ करून बसत नाही.

ऑफिस म्हणजे ऑकलंडच्या पेनरोजमध्ये टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सगळ्या फाइलींना रबराचा वास. काम एकच. इथल्या युनिव्हर्सिटीत हेल्थ सायन्सचं पहिलं वर्ष करून ज्यांची मेडिकलची सीट थोडक्यात हुकली, त्या मुलांना रशियातल्या व्होल्गाकाठच्या एका मेडिकल युनिव्हर्सिटीत थेट दुसऱ्या वर्षाला ट्रान्सफर मिळवून द्यायची. गोखलेकाका स्वतः तरुणपणी रशियात इंजिनिअर झालेले, त्यामुळे मालक ते. कागदांचं रशियन भाषांतर करायला साठीच्या गालिनाबाई. आणि उरलेलं सगळं, म्हणजे फोन, फॅक्स, चहा आणि पालकांची समजूत, माझ्याकडे.

*

रशियन लोकांत एक पद्धत आहे. कुणी प्रवासाला निघालं की घरातल्या सगळ्यांनी मिनिटभर खाली बसायचं, गप्प. मगच दार उघडायचं. गालिनाबाईंनी ही पद्धत फाइलींनाही लागू केली होती. "कागदसुद्धा प्रवासालाच निघतात," असं त्या म्हणायच्या. पाकीट टेबलावर ठेवायचं आणि आम्ही तिघांनी त्याच्याकडे बघत मिनिटभर बसायचं! काका त्यावर कुंकवाचं बोट लावायचे. एका पाकिटाला दोन देशांचं संरक्षण.

एकदा कुरिअरवाला खाली हॉर्न मारत होता. मी म्हटलं, कसलं बसताय, आणि पाकीट तशीच धावत देऊन आले.

तीन आठवड्यांनी ते परत आलं. सील शाबूत, कुंकू शाबूत, कुणी उघडल्याची खूणही नाही. काकांनी कात्रीनं उघडलं. आतली बत्तीस पानं उलट्या क्रमानं लागलेली, शेवटचं पान सगळ्यात वर. मी ती स्वतःच्या हातानं नीट लावून आत घातली होती!

कुरिअरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "नॉट मी, मेट."

तेव्हापासून मी बसते. विश्वास नाही, पण बसते.

*

डीनच्या ऑफिसातून आम्हाला नीना नावाच्या बाईंचा फोन यायचा. आपल्या सकाळी बरोबर नऊला. आवाज गोड, इंग्रजी मोजकं. "दुसऱ्या पानावर शिक्का राहिलाय," "फोटो चकचकीत कागदावर नको," अशा बारीकसारीक चुका सांगायच्या. पाकीट तिकडे पोचलेलंही नसायचं, तरी चुका बरोबर निघायच्या. आम्हाला वाटायचं, अनुभवी बाई आहे.

पहिल्यांदा खटकलं ते काकांना. "अगं मेधा, आपले सकाळचे नऊ म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे अकरा. सरकारी कारकून रात्री अकराला ऑफिसात? मी सहा वर्षं काढलीत तिथे. दुपारी चारनंतर चिटपाखरू नसतं!"

लोअर हटचा रोहन आमच्याकडूनच तिकडे गेला होता. त्याला म्हटलं, जरा नीनाबाईंना भेटून आमचा नमस्कार सांग. चार दिवसांनी त्याची ईमेल आली. डीनच्या ऑफिसात नीना नावाचं कुणी नाही. पूर्वी होती, ती वारली. तिचं टेबल अजून कोपऱ्यात आहे, त्यावर टेलिफोनही आहे, पण त्याची वायर कापलेली आहे.

गालिनाबाईंनी ईमेल शांतपणे वाचली. म्हणाल्या, "ते असू दे. तिनं काल सांगितलेला शिक्का मारलास का?"

*

आता केतकी. खरं म्हणजे हे सगळं मी तिच्यासाठीच सांगतेय.

केतकी जोगळेकर, बॉटनी डाउन्सची. जन्म इथलाच. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र निम्मं-अधिक इंग्रजीत. पोरगी लहानपणापासून एकच म्हणत आली होती, डॉक्टर व्हायचंय. इथली सीट अगदी थोडक्यात गेली. तेव्हा ती तीन दिवस खोलीतून बाहेर आली नाही, असं तिच्या आईनं, जोगळेकर काकूंनी, मला डोळे पुसत सांगितलं होतं. रशियात दुसऱ्या वर्षाला घेण्याची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. ती हुकली तर पुन्हा पहिलं वर्ष, आणि वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं की मग मेडिकल विसरायचं, अकाउंटिंगला जायचं.

गालिनाबाई तिच्या फॉर्मवर फार खूश! रशियन फॉर्मात स्वतःच्या नावानंतर वडिलांच्या नावाचा रकाना असतो. चिनी, कोरियन, गोऱ्या मुलांचा तो रिकामा राहतो. आपला मात्र जन्मापासून भरलेला. "केतकी सुधीर! तुम्ही तर आमचीच माणसं," असं म्हणून त्यांनी तिला 'केतकी सुधीरोव्ना' करून टाकलं.

फाइल गेली. आम्ही बसलो होतो, कुंकू लावलं होतं, सगळं झालं होतं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. गालिनाबाईंनी ते दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. "अर्ज नामंजूर. केतकी सुधीरोव्ना जोगळेकर ही विद्यार्थिनी सप्टेंबरपासून आमच्याकडे दुसऱ्या वर्षात शिकत आहे. हजेरी उत्तम. तिला ट्रान्सफरची गरज नाही."

*

काका म्हणाले, रोहनच्या फाइलीत हिचा कागद गेला असेल. मी म्हटलं, दुसरी कुणी केतकी असेल. दुसरी केतकी सुधीर जोगळेकर, त्याच जन्मतारखेची, व्होल्गेच्या काठी! स्वतःचंच बोलणं ऐकून मला हसू आलं आणि ते लगेच थांबलं.

काकांनी पुरावा मागितला. पुरावा म्हणून फॅक्स आला. रशियात प्रत्येक विद्यार्थ्याचं मार्कांचं एक छोटं पुस्तक असतं, त्याचं पहिलं पान. ॲनाटॉमी: उत्तम. हिस्टॉलॉजी: चांगलं. खाली सही, अगदी केतकीसारखी, शेवटचं अक्षर खाली ओढलेलं. आणि फोटो. फॅक्समधला फोटो म्हणजे एरवी शाईचा डाग असतो. हा स्वच्छ होता. केतकीच. फक्त केस कानापर्यंत कापलेले. आमच्या केतकीची तर कमरेपर्यंत वेणी!

"वेगळी मुलगी आहे," असं म्हणून काका मोठ्यांदा हसले आणि फॅक्स ड्रॉवरमध्ये टाकला. घाबरतील म्हणून जोगळेकरांना दाखवलाही नाही.

शनिवारी केतकी राहिलेल्या एका कागदावर सही करायला आली. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत जिना चढली आणि दारात उभी राहिली. केस कानापर्यंत.

"बॉटनीच्या मॉलमध्ये कट केले. मेधाकाकू, तिकडे वेणी कोण घालून देणार? लुक्स ओके?"

काकांनी हळूच ड्रॉवरला किल्ली लावली. मी म्हटलं, छान दिसतेस. मला भीती वाटली, सरळ सांगते. त्या दिवशी मी चार वाजताच ऑफिस बंद केलं.

*

शेवटी फॅक्स दाखवावाच लागला, कारण तिकडून निरोप आला होता, मुदतीच्या आत मुलीनं पासपोर्ट घेऊन स्वतः हजर व्हावं. नाहीतर सीट जी बसलीय तिचीच राहील.

जोगळेकर काकूंनी फोटोवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "ही बारीक झालीय."

"आई, इट्स अ क्लरिकल एरर," केतकी म्हणाली. "समवन स्टफ्ड अप, दॅट्स ऑल. मी जाऊन सॉर्ट करते."

"नाही जायचं तू. अकाउंटिंग कर. घरी राहा."

"आणि माझी सीट तिला देऊन टाकू?"

काकूंनी चटकन मान वर केली. 'तिला' म्हणाली होती पोरगी. तीही दचकली असावी, कारण मग खाली जँडल्सकडे बघायला लागली. पण अडीच वर्षांची असल्यापासून खेळण्यातला स्टेथोस्कोप घेऊन फिरणारी ती, मागे हटणार थोडीच! दुसऱ्या दिवशी वडिलांनी तिकीट काढलं.

*

केतकी मुदतीच्या आदल्या दिवशी डीनच्या ऑफिसात उभी राहिली. हे तिनं स्वतः ईमेलवर कळवलंय. क्लार्कनं पासपोर्ट बघितला, तिच्याकडे बघितलं, कपाळाला आठ्या. मग ट्रान्सफरच्या कागदावर शिक्का मारला. जुनी नोंद खोडली वगैरे काही नाही, नुसता शिक्का. वर ती क्लार्कबाई रागावली, "एवढंच काम होतं तर सकाळी आलीस तेव्हाच का नाही सांगितलंस?"

केतकीचं विमानच दुपारी उतरलं होतं. खाली तिनं लिहिलं होतं, "एनीवे, ऑल सॉर्टेड. स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत, सगळं झकास.

हॉस्टेलची खोली दोघींची होती. दुसऱ्या पलंगावर अंथरूण घातलेलं होतं, पण तिथे झोपायला कधी कुणी आलं नाही. तिनं तक्रार केली नाही. उलट म्हणाली, नोट्स फार चांगल्या आहेत त्या टेबलावर, हस्ताक्षरही वाचता येतं.

ती दुसऱ्या वर्षाला पास झाली. ॲनाटॉमी: उत्तम. हिस्टॉलॉजी: चांगलं.

*

निकाल लागल्यावर जोगळेकर काकू पेढे घेऊन ऑफिसात आल्या. गालिनाबाईंनी चहा केला. काका पेढा तोंडात टाकून म्हणाले, "बघा वहिनी, उगीच घाबरत होतात. पोचली, पास झाली, आणखी काय पाहिजे?"

काकू हसल्या. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "एक सांगू का? यांना सांगितलेलं नाही अजून. ती पोचली ना, त्या दिवशी फोन आला. 'आई, मी पोचले गं. तू रडू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?' सगळं मराठीत! मी म्हटलं, लांब गेल्यावर पोरीला आईची भाषा आठवली. गुडघ्याचं तर मी कुणालाच बोलले नव्हते. पंधरा मिनिटं बोललो. काय बरं वाटलं म्हणून सांगू! फोन ठेवला, तोच पुन्हा वाजला. 'हाय मम, जस्ट लँडेड. इट्स हीप्स कोल्ड हिअर.'"



"तेव्हापासून दर रविवारी दोन फोन येतात," काकू म्हणाल्या. "आधी मराठीतला, मग इंग्रजीतला."

काकांनी हातातला कप खाली ठेवला. "वहिनी, मग... तुम्ही केतकीला हे सांगितलंत का?"

"काय सांगायचं? पोरी आहेत, परक्या देशात आहेत," काकू म्हणाल्या. "मी दोघींनाही सांगते, स्वेटर घाल."