आईनं ओटीपी दिला नाही

निघायच्या सकाळी टॅक्सी दारात उभी होती आणि मी आईला यादी वाचून दाखवत होते. आमचं घर मुकुंदवाडीत, विमानतळ तिथून दहा मिनिटांवर, त्यामुळे वेळ होता. यादीत चौदा कलमं होती. गॅसचा नंबर, वीजबिलाची तारीख, नळाला पाणी येण्याचा वार, कोणती किल्ली कुठली. वाळूजच्या कारखान्यात मी अठरा वर्षं स्टोअर सांभाळलं. माल दिला की पोच घ्यायची, ही तिथली सवय. म्हणून यादीच्या तळाशी आईची सही घेतली. "माझ्याकडून पोच घेती व्हय?" असं म्हणत तिनं पूर्ण नावाची सही केली. तीस वर्षं अंगणवाडीच्या रजिस्टरवर करत आली होती, तशीच. मग मी तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि निघाले. दोघीही रडलो नाही. मला वाटलं, सगळं नीट लावून निघाले आहे.

यादीतलं नववं कलम असं होतं: ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. बँकेचा माणूस म्हणाला तरी नाही, पोलीस म्हणाला तरी नाही. हल्ली मशिनीवर कुणाचाही आवाज काढता येतो, तेव्हा माझ्या आवाजात मागितला तरी नाही.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांची पेन्शन अशाच एका फोनवर गेली होती. त्यांच्या पुतण्याचा हुबेहूब आवाज होता म्हणे. त्या दिवसापासून मी आईकडून हे कलम रोज घोकून घेत होते.

कंपनीनं मला पाठवलं ते चेक देशातल्या एका लहान गावात, तिथल्या कारखान्याचं स्टोअर लावून द्यायला. करार तीन वर्षांचा. पहिला आठवडा कंपनीच्या खर्चानं हॉटेलात, पुढं आपली सोय आपण करायची. चौथ्या दिवशी मला खोली मिळाली. उतारवयाची मालकीण, स्वच्छ घर, खिडकीतून कारखाना दिसायचा. तिची एकच अट होती. दोन महिन्यांचं डिपॉझिट रोख, तिच्याच देशाच्या नोटांत, शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. हॉटेल शनिवारी सकाळी सोडायचं होतं आणि इथलं पगाराचं खातं उघडायला अजून तीन आठवडे होते.

मला काळजी नव्हती. संभाजीनगरच्या खात्यात पैसे होते आणि कार्ड खिशात होतं. त्याच कार्डावर मी इथं ब्रेड, दूध आणि नवं सिमकार्ड घेतलं होतं. शुक्रवारी दुपारी दोन वाजता मी चौकातल्या एटीएमपुढं उभी राहिले. भाषा इंग्रजी निवडली. रक्कम तुमच्या रुपयांत मोजू का, असं मशीननं विचारलं. नको म्हटलं, कारण त्यात भाव वाईट लागतो हे मी आधीच वाचून ठेवलं होतं. पिन टाकला. मशीननं कार्ड बाहेर ढकललं आणि लिहिलं, या कार्डाला परवानगी नाही. दुसऱ्या एटीएमवर गेले. तेच.

तिथंच पायरीवर बसून बँकेची वेबसाइट उघडली. परदेशासाठी तीन वेगवेगळी बटणं होती: दुकानात, ऑनलाइन, एटीएम. पहिली दोन मी भारतातूनच चालू केली होती. तिसरं बंद होतं. इतकं सोपं. बटण दाबलं आणि साइटनं ओटीपी मागितला. तो जाणार होता माझ्या जुन्या नंबरवर. त्या नंबरचं सिम मीच आईच्या बटणांच्या फोनमध्ये दुसऱ्या जागेत घालून दिलं होतं. परदेशात चालवायला महाग पडतं म्हणून.

नव्या नंबरवरून आईला फोन लावला. तिनं नेहमीसारखं "जय भीम" म्हणून उचलला. मी म्हटलं, आई, आत्ता एक मेसेज आला असेल, त्यातले सहा आकडे सांग.

ती बोलली, पण माझ्याशी नाही. एखाद्या परक्या बाईशी बोलावं तशी.

"आवाज तर तिचाच हाय. पण आवाजावर जायचं नाय. माझी पोरगी लई हुशार हाय, तिनं समदं लिहून ठेवलंय."

मला आधी हसू आलं. मग ओळख पटवायला लागले. मी वडिलांचं नाव सांगितलं. ती म्हणाली, ते तर आधार कार्डावर बी असतंय. जन्मतारीख सांगितली, गल्ली सांगितली. तीही कुठंतरी लिहिलेलीच असणार, म्हणाली. मी स्वतः ओटीपी मागेन तेव्हा मला कसं ओळखायचं, हे मी चौदापैकी एकाही कलमात लिहिलं नव्हतं.

शेवटी तिनंच प्रश्न घातला. "सांग बरं, मी सकाळी उठल्या उठल्या काय घेते?"

मी तिच्याबरोबर सेहेचाळीस वर्षं एका घरात राहिले. एका दमात म्हटलं, चहा, दोन चमचे साखर घालून.

"नाय," ती म्हणाली आणि फोन कट केला. पुन्हा लावला, उचलला नाही. आणखी तीनदा लावला. नाहीच.

त्या पायरीवर मी किती वेळ बसले, सांगता येत नाही. खोली जाणार याचा धक्का होताच. पण डोक्यात घुमत होतं ते तिचं "नाय". चहा नाही, तर मग काय?

शेजारच्या शबानाचा नंबर डायरीत होता. तिनं माझा आवाज लगेच ओळखला, हसली, आणि बोलत बोलतच आईकडं गेली. दाराशी दोघींची कुजबुज ऐकू आली. मग शबाना फोनवर परत आली, आणि या वेळी ती हसत नव्हती.

"बाजी, अम्मा को तो डेढ़ साल से शुगर है. सुबू उठके गोली लेते उनो. तुमको नई मालूम?"

मला नव्हतं माहीत. मी सहाच्या बसनं वाळूजला जायचे. आई माझ्या पुढ्यात गोड चहा ठेवायची, आणि मी गेल्यावर स्वतःसाठी बिनसाखरेचा वेगळा करायची. दवाखान्यात शबानाबरोबर जायची. घरातल्या साबणाच्या वड्यासुद्धा मी महिन्याला मोजत होते. दीड वर्ष त्याच घरात गोळ्यांचं पाकीट होतं आणि ते मला दिसलं नव्हतं.

मी शबानाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. पडद्यावर आईचा चेहरा आला, कपाळाला आठ्या. चित्रसुद्धा खोटं करता येतं म्हणे, असं ती शबानाला सांगत होती. मी ओटीपी मागितलाच नाही. कोणती गोळी, किती पॉवरची, जेवणाआधी की नंतर, शेवटची तपासणी कधी, किती निघाली, कागद कुठं आहे, तो कॅमेऱ्यासमोर धर, असं मी सुरूच झाले. आवाज चढला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मला नंतर कळलं. चौकातली माणसं वळून बघत होती.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि शबानाकडं वळून म्हणाली, "हीच हाय. दुसरी कोण एवढ्या चौकशा करती?"

पहिल्या ओटीपीची मुदत संपली होती. दुसरा मागवला. तिनं एकेक आकडा सावकाश सांगितला, दोनदा. बटण चालू झालं. पाचला दहा मिनिटं कमी असताना मशीनमधून नोटा आल्या आणि साडेपाचला मी मालकिणीच्या हातावर ठेवल्या. तिनं किल्ली दिली. रात्री त्या खोलीत गादीवर बसून मी आईला पुन्हा फोन केला. मला का सांगितलं नाहीस, एवढंच विचारलं. ती म्हणाली, "तुला कामाचा ताण असतोय. आणि तू कधी बसतीस व्हय घडीभर?"

याला आता दोन वर्षं झाली. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना सांगायचं म्हणजे, निघण्याआधी एटीएमचं बटण तपासा, आणि दुसऱ्या बँकेचं एक कार्ड वेगळ्या खिशात ठेवा. जे मागं राहिले त्यांना काय सांगू? ओटीपी पटकन देऊ नका. आईचं बरोबरच होतं. जिला तिची गोळी माहीत नव्हती, तिला तिनं मुलगी म्हणून का ओळखावं?

सिम अजून तिच्याच फोनमध्ये आहे. बँकेत नंबर बदलता आला असता, मी बदलला नाही. तिकडच्या खात्यातून कुणाला पैसे पाठवायचे असले की ओटीपीसाठी मला घरी फोन करावा लागतो आणि ती दर वेळी नवा प्रश्न घालते. भाजीवाल्यानं गाडी कुठं हलवली, शबानाची धाकटी कितवीत गेली, उपाशीपोटी साखर किती निघाली. म्हणून मी आता रविवारी तासभर नुसती बोलत बसते. पूर्वी घर म्हणजे माझ्यासाठी किल्ल्या आणि बिलं होती, आणि त्यातलं मला सगळं पाठ होतं. आता ते पाठ करून भागत नाही. आठवडा चुकला की त्यातलं काहीतरी बदललेलं असतं.

गेल्या महिन्यात मी पुन्हा चुकले. संध्याकाळी चालायला जाते तेव्हा मुकुंदवाडी स्टेशनच्या फलाटावर ती किती फेऱ्या मारते, असं तिनं विचारलं. मी म्हटलं दोन.

"तीन झाल्या आता," ती म्हणाली. "डॉक्टरनं वाढवून दिल्या. बस जरा, आधी ते सांगते."

मी बसले. ओटीपीची मुदत संपू दिली.