किल्ल्यातली आयती चूल

काल चंद्रपूरच्या बसस्टँडजवळ चुलीवरच्या चहाचा धुरकट वास आला, आणि मी मनानं पुन्हा जंगलातल्या त्या टेकडीवरच्या पडक्या किल्ल्यात जाऊन पोचलो.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. तिथल्या उत्खननाच्या खड्ड्याची नोंदवही आमच्या प्राध्यापक सरांनी विश्वासानं माझ्याकडे दिली होती. एका सकाळी थंडीनं बोटं आखडली, म्हणून आदल्याच दिवशी खोदकामाच्या मजुरीवर आलेल्या कौसल्याबाईंना म्हणालो, "बाई, चहा होईल का?"

खड्ड्यात तीन दगड आणि मधे काळी राख होती. "इथी तं आयतीच चूल हाये, बाबू!" त्या हसल्या. मी वहीतून मान वर केली तोवर काटक्या पेटल्या होत्या.

ती चूल हजारेक वर्षांपूर्वीची. तिच्या कोळशावरून किल्ल्याचं वय ठरणार होतं. आता त्यात नवा कोळसा मिसळला होता. तरी मी चहा प्यायलो.

"कोणी पेटवली?" सर ओरडले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"म्या पेटोली, साहेब."

त्यांचं काम त्याच दिवशी सुटलं. जाताना म्हणाल्या, "तुले शिकाचं हाये, बाबू. मी धान झोडाले जाईन."

'मजुराच्या चुकीमुळे नमुना निकामी,' अशी त्या वहीत नोंद आहे. अक्षर माझं आहे.