परवानगी की शक्यता

आठवीला मी मोडल ऑक्झिलरीज शिकवते, म्हणजे मुख्य क्रियापदाच्या आधी बसून त्याची नियत सांगणारे शब्द. ‘कॅन’ म्हणजे क्षमता, ‘मस्ट’ म्हणजे सक्ती, ‘शुड’ म्हणजे सल्ला. ‘मे’शी मात्र आमच्या पाटोद्याच्या पोरांचं कधी जमलं नाही. एकाने ‘इट मे रेन’चं भाषांतर ‘मे महिन्यात पाऊस पडतो’ असं केलं होतं. बीड जिल्ह्यात राहून असं लिहायला छाती लागते, म्हणून मी त्याला अर्धा गुण दिला. बाकीच्यांना दर वर्षी बजावते, की ‘मे’ दिसला की आधी विचारायचं, ही परवानगी आहे की नुसती शक्यता?

ही सवय वर्गापुरती राहिली असती तर आईच्या जिवाला घोर लागला नसता.

माझं लग्न जमत होतं तेव्हाची गोष्ट. स्थळ तालुक्यातल्याच एका गावचं, मुलगा पतसंस्थेत नोकरीला. माझी अट एकच होती, लग्नानंतर शाळा सोडणार नाही. वर्गात उभी राहिले की मी कुणाची लेक नसते, कुणाची सून नसते, आणि ते मला कुणासाठीही सोडायचं नव्हतं. अट कळवल्यावर मुलाचा मेसेज आला, इंग्रजीत. ‘यू मे कंटिन्यू युवर जॉब.’

मे! दिवसभर तो शब्द भातातल्या खड्यासारखा दाताखाली येत राहिला. शक्यता म्हणून लिहिला असेल तर नोकरी राहील किंवा जाईल, त्यांच्या मर्जीवर. परवानगी म्हणून लिहिला असेल तर आणखी वाईट, कारण ती मी मागितली कधी होती? सरळ ‘यू विल’ लिहायला याचं काय जात होतं? पतसंस्थेतला माणूस, रोज लोकांच्या सह्या घेणारा. हा शब्द चुकून टाकणार नाही, अशी माझी खात्रीच होत गेली.

आमच्या स्टाफरूममधल्या एका मॅडमना सासरच्यांनी ‘बघू की’ म्हटलं होतं. लग्नानंतर त्या शाळेत परत आल्याच नाहीत. त्यांची खुर्ची अजून खिडकीपाशी आहे, तिच्यावर आता खोक्यांचा ढीग असतो.

वडिलांना मेसेज दाखवला तर म्हणाले, “हो म्हणलाय की.” आई वैतागली. “शब्दाचा किती कीस काढशील? पोरगं लई चांगलं हाय. तुला कावून खुपतंय?”

बोलणी करायला ते लोक आमच्या घरी आले. मी चहा दिला आणि त्यांच्या क्रियापदांवर कान ठेवून बसले. मुलाचे काका म्हणाले, “नोकरी करू द्यायला आमची काय हरकत न्हाई.” करू द्यायला! म्हणजे परवानगीच. मग मला राहवलं नाही. मी मुलालाच विचारलं, “तुम्ही ‘मे’ लिहिलंत ते परवानगी म्हणून की शक्यता म्हणून?”

आईने माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. मुलाचे कान लाल झाले. “आमच्या सरांनी शिकवलं होतं, ‘कॅन’पेक्षा ‘मे’ आदबशीर असतं,” तो म्हणाला. “म्हणून लिहिलं.”

उत्तर पटण्यासारखं होतं. पण फार आदबशीर माणसांचा मला आधीपासूनच भरवसा वाटत नाही.

एवढा वेळ त्याची आई काहीच बोलली नव्हती. तिने कप खाली ठेवला आणि मला विचारलं, “तुजी शाळा किती वाजता भरती?”

“साडेदहाला.”

“मंग आमच्याकडून नऊच्या गाडीनं निघशील. त्याच्या आदी डबा करायला लागंल.”

मी टपूनच बसले होते. “कुणाचा डबा?”

“तुजा. दिवसभर पोरं वळून उपाशी राहशील का?” ती म्हणाली. “त्येचा त्यो करतो. आजवर केलाच की.”

निघशील. लागंल. बाकी सगळे मला माझीच नोकरी देऊ करत होते. ही बाई ती धरूनच चालली होती, आणि पुढच्या डब्याची काळजी करत होती. पोरांना मी ज्याला सक्ती म्हणून शिकवते, त्या ‘लागंल’मध्ये माझी शाळा सुखरूप होती. माझे डोळे भरून आले, म्हणून मी कप गोळा करायच्या निमित्ताने उठले.

स्वयंपाकघरात आई मागोमाग आली. “काय कळवू त्यांना?” तिने दबक्या आवाजात विचारलं.

“हो म्हण.”

तरी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी स्टँडवर गेले आणि चौकशीच्या खिडकीत विचारलं, त्या गावाहून सकाळी नऊची गाडी खरंच आहे का.

होती.