लाइफ जॅकेटमागची भाकरी

सोलापुरात विजापूर वेशीजवळ घर असलेले आणि जहाजाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करणारे एक चाचा आहेत. माझं पहिलं कॉन्ट्रॅक्ट पुरं झालं ते त्यांच्यामुळे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण नऊ महिन्यांत ते माझ्याशी एकदाही गोड बोलले नाहीत, आणि पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको.

मी वळसंगचा. दहावीनंतर शाळा सोडली आणि सोलापुरात एका हॉटेलात भांडी घासायला लागलो. तेच काम जहाजावर मिळालं तेव्हा गावात एस.टी. स्टँडवर बसणाऱ्यांनी पैज लावली, की हा महिन्यात परत येतोय. माझा थोरला भाऊ पैज लावणाऱ्यांतच होता.

जहाज सहलीच्या प्रवाशांचं. वर पोहण्याचे तलाव, गाणीबजावणी. आम्ही खाली, पाण्याच्या पातळीच्याही खाली, बिनखिडकीच्या खोलीत. एका खोलीत दोघं. माझ्या नशिबी चाचा आले. मी वळसंगचा आहे म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्या दिवसापासून माझं नाव बंद केलं. "ए वळसंग, पाय धू. तुज्या पायाला पातेल्याचा वास मारतोय." "ए वळसंग, घोरतोस काय म्हशीगत." शहरातला माणूस आणि खेड्यातला, हा भेद त्यांनी सातासमुद्रापारही सोडला नाही.

पण चाचा परवडले. माझा खरा वैरी वेगळा होता. पॉटवॉशचा, म्हणजे मोठी पातेली आणि ट्रे घासायच्या जागेचा, सुपरवायझर. त्याला मी पहिल्या दिवसापासून नको होतो. मला इंग्रजी तोडकंमोडकं यायचं आणि घाबरलो की तेही यायचं नाही. तो हे ओळखून होता. चार माणसांत मुद्दाम प्रश्न विचारायचा आणि मी गप्प राहिलो की हात पसरून सगळ्यांकडे बघायचा. मी त्याला आजही माफ केलेलं नाही. करायचा विचारही नाही.

पहिली लेखी वॉर्निंग बोटीच्या ड्रिलला, म्हणजे संकटात जहाज सोडायच्या सरावाला, तासभर उशिरा गेलो म्हणून. जहाजाचं घड्याळ आदल्या दिवशी एक तास पुढे गेलं होतं, नोटीस लावलेली होती, मी वाचली नव्हती. ती माझी चूक. दुसरी त्याची. एकच ट्रे त्याने पाच वेळा परत पाठवला. सहाव्या वेळी माझ्या हातातून तो जरा जोरात टेकला गेला. त्याने कागद लिहिला, मी न वाचता सही केली. खोलीत चाचांनी तो वाचला आणि पहिल्यांदा हसले. म्हणाले, "लिव्हलंय की तू अंगावर धावून जातोस. तू? मुंगीच्या अंगावर तरी गेलास का रे कधी?"

तिसरी वॉर्निंग मिळाली की कॅप्टनसमोर चौकशी आणि पुढच्या बंदरावरून घर. शिवाय शेवटच्या फॉर्मवर 'पुन्हा घ्यावे' असा एक चौकोन असतो, तो कोरा राहतो. चौकोन कोरा असलेल्या माणसाला दुसरं जहाज घेत नाही. चार महिने मी त्या चौकोनाच्या भीतीवर जगलो. कुणी मागून हाक मारली तरी हातातलं भांडं घट्ट धरायचो.

आता भाकरीचं सांगतो. आमच्याकडची कडक भाकरी ज्वारीची, पातळ, पापडासारखी वाळवलेली. कोरडी ठेवली तर महिनोन्‌महिने टिकते. निघताना आईने पंचवीस भाकऱ्या धडप्यात बांधून दिल्या. वडील ट्रकवर क्लीनर होते तेव्हापासूनची तिची एक रीत आहे. "सगळ्या खा, पर एक ठिव," ती म्हणाली. "गाठोडं रितं घिऊन दारात यायचं न्हाय."

खोलीत खायचं काही ठेवायचं नाही असा जहाजावरचा कडक नियम. झुरळं होतात. मला तो माहीत होता. पण भाकरीला ना ओल, ना वास. ती नासणारं अन्न आहे हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. आठवड्याला एक खात गेलो. शेवटची राहिली ती राहिली.

घरी जायला पाच दिवस उरले आणि खोल्या तपासणार असल्याची सूचना आली. चाचांनी ती मला वाचून दाखवली आणि वर सुनावलं, की आत्ताच्या आत्ता खा नाहीतर फेक. मी हो म्हणालो. ते कामावर गेल्यावर मी धडपा उलगडला, भाकरी हातात घेतली, आणि मला ती मोडवेना. आईचं वाक्य डोक्यात. ही मोडली तर आपण घरी पोचणारच नाही, असं काहीतरी वेड्यासारखं वाटायला लागलं. दोघांच्या सामाईक फळीवर लाइफ जॅकेटं होती. त्यांच्या मागे ती सारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला एक तरुण बाई ऑफिसर आली, आणि तिच्यामागे आमचा सुपरवायझर. त्याचं तिथे काही काम नव्हतं. तिने फळीवर हात घातला आणि धडपा निघाला. आधी तिला ती पुठ्ठ्याची तबकडी वाटली. मग तिने वास घेतला आणि विचारलं, हे कुणाचं?

सुपरवायझरने माझ्याकडे बोट केलं. म्हणाला, याचंच असणार. ऑफिसर माझ्याकडे बघत थांबली. मला एवढंच म्हणायचं होतं, माझी आहे. इंग्रजी शब्द सापडेनात. मी तिच्या बुटांकडे बघत उभा राहिलो.

चाचा पुढे आले. तिच्या हातातली भाकरी घेतली, कडकन एक तुकडा मोडला आणि तिच्यासमोर चावून खाल्ला. मग इंग्रजीत म्हणाले, "माझी आहे. माझ्या बायकोने दिलीय."

सुपरवायझर काहीतरी बोलायला लागला. तिने त्याला हाताने थांबवलं आणि कागदावर चाचांचं नाव लिहिलं. उरलेली भाकरी पिशवीत टाकून घेऊन गेली.

दार लागल्यावर मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "चाचा, तुमी कशाला..."

"चुप बैठ," ते म्हणाले. "तोंड उघडायची वेळ गेली तुजी. आता उघडलंस तर मी खोटा ठरतो, मग दोघंबी जातो."

त्यांचं ते आठवं कॉन्ट्रॅक्ट होतं. एकही वॉर्निंग नव्हती. पुढच्या खेपेला लाँड्री मास्तर करायचं ठरलं होतं त्यांना. तीन दिवसांनी लाँड्रीतल्याच एकाने मला सांगितलं की ते आता होणार नाही. उतरायच्या दिवसापर्यंत चाचा माझ्याशी बोललेच नाहीत.

माझ्या फॉर्मवर चौकोनात खूण झाली. सुपरवायझरने पेन इतकं दाबलं की कागद फाटायचा बाकी राहिला.

उतरायच्या दिवशी चाचा लाँड्रीतून वर आले. त्यांनी कॉन्ट्रॅक्ट आधीच तीन महिने वाढवून घेतलं होतं. मुलीसाठी घेतलेल्या बुटांचं खोकं माझ्याकडे दिलं, पत्ता सांगितला, आणि इस्त्रीच्या रुमालात बांधलेलं काहीतरी माझ्या खिशात कोंबलं. "तुजं गाठोडं," म्हणाले. "जा आता. तोंड दाखवू नको." रुमालात बोटभर भाकरीचा तुकडा होता. खाताना त्यांनी मुठीत ठेवलेला.

आईने तो हुंगला आणि विचारलं, हिला साबणाचा वास कसा? मी म्हणालो, जहाजावर सगळ्यालाच येतो. पैज हरलेल्या भावाने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

त्याच आठवड्यात बुटांचं खोकं घेऊन विजापूर वेशीत गेलो. दार मुलीने उघडलं. मी गावाचं नाव सांगितलं तशी ती आत वळून म्हणाली, "अम्मी, वळसंगवाला आयाय." आतला पाण्याचा आवाज थांबला. चाची बाहेर आल्या. त्यांनी खोकं घेतलं. बस म्हणाल्या नाहीत. फोनवर त्यांना सगळं कळलेलं होतं.

मी म्हणालो, चाचांचे माझ्यावर लई उपकार आहेत.

"उपकार राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमाला तोंड हाय की. त्या बाईनं इचारलं तवा काय झालं होतं त्याला?"

मी उभा राहिलो, तसाच, जसा तिथे राहिलो होतो. मुलगी दारात बसून नवे बूट घालून बघत होती. एक नंबर मोठे होत होते. चाचींनी तिला आत घेतलं आणि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

पुढच्या महिन्यात मला त्याच जहाजावर परत जायचं आहे. तीच ऑफिसर असेल, सुपरवायझरही असेल. खरं सांगितलं तर चौकोन जाईल, कदाचित कामही जाईल, आणि खोटं बोलले म्हणून चाचांना उलट त्रास होईल की काय तेही मला कळत नाही. म्हणून आधी त्यांना विचारीन. शिव्या देतील, देऊ देत. त्यांनी हो म्हटलं की त्या बाईसमोर जाऊन उभा राहीन. वाक्य पाठ करून ठेवलंय, इंग्रजीत, चारच शब्दांचं. चाचा, ती भाकरी माझी होती हे मी एक ना एक दिवस माझ्या तोंडाने सांगणार आहे.