शिकारीच्या चित्राची फ्रेम

इथे अमेरिकेत, एडिसन गावात, मनोहरकाकांच्या घरी जेवायला बसलं की समोर विलायती शिकार दिसायची. धुकट टेकडी, लाल कोटातले घोडेस्वार आणि कोल्ह्यामागे सुटलेले कुत्रेच कुत्रे. कांदा-लसूणसुद्धा बेताने खाणाऱ्यांच्या घरात ही शिकार! असली चित्रं घरात लावू नयेत, असं कुणी म्हणायच्या आत नीलांबरीकाकू सांगून टाकत, “चित्र कुठे लावलंय? फ्रेम लावलीय.”

आणि ते खरंच होतं. कुणाच्या तरी गराज सेलमध्ये, जुन्या सामानाच्या विक्रीत, काकूंना ती नक्षीची लाकडी फ्रेम आवडली, चित्र तिच्यासोबत आलं. सगळं कुटुंब जमलं की एकदा छान फोटो काढायचा आणि तो या फ्रेममध्ये घालायचा, असा त्यांचा बेत. पण मुलगा केदार पडला देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला. त्याला सुट्टी तेव्हा सुनेला नाही, आणि दोघांना असली तर नातीची, सियाची, स्विम मीट, म्हणजे पोहण्याची स्पर्धा. फोटो काही निघाला नाही, काकूही गेल्या.

चित्रात सगळ्यात मागे एक ठिपक्यांचा कुत्रा होता. बाकीचे जीव खाऊन पळताहेत आणि हा मान वळवून आपल्याकडे बघतोय. काकूंनी त्याचं नाव ठेवलं होतं बंड्या. “मेल्याचं लक्ष सगळं आपल्या ताटात!” काकू गेल्यावर काका एकटेच जेवायला बसत आणि पहिल्या घासाआधी विचारत, “काय बंड्या, बसायचं ना?” मी शेजारीण, भाजी घेऊन जायचे तेव्हा कानावर पडायचं. माझी जीभ तशी तिखट आहे, पण यावरून मी त्यांना कधी चिडवलं नाही. या अबोल माणसाचं दिवसभराचं बोलणं काय ते तेवढंच होतं.

काकूंच्या वर्षश्राद्धाला केदार आला, एकटाच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना ओक ट्री रोडवर वाणसामानाला घेऊन गेले. परत येऊन बघतो तर फ्रेममध्ये काकू. पैठणीतल्या, हसऱ्या, वर चंदनाचा हार.

“बाबा, सरप्राइज! आईची फ्रेम फायनली युज केली,” केदार म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “ते डॉग्जचं पिक्चर रिसायकलिंगमध्ये टाकलं. ट्रक आत्ताच गेला.”

काका क्षणभर भिंतीकडे बघत राहिले. मग पोराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “छान केलंस रे.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण रागवायचं कुणावर? आईवर जीव होता म्हणूनच तर केलं त्याने.

केदार परत गेला. एका संध्याकाळी मी आमटी घेऊन गेले तर काका स्वयंपाकघरात ओट्यापाशी ताटली हातात धरून जेवत होते. टेबल पुसून लख्ख, खुर्च्या आत सरकवलेल्या.

“काका, उभ्याने काय जेवताय? काकू असत्या तर ओरडल्या असत्या.”

“हो ना,” ते म्हणाले. बराच वेळ भात कालवत राहिले. “केदार गेला त्या दिवशी सवयीने फ्रेमकडे बघून विचारलं गं, बसायचं ना म्हणून. बंड्या कधी उत्तर द्यायचा नाही, त्याचं मला काही वाटायचं नाही.”

मी आमटीच्या भांड्यावरचं झाकण काढलं.

“हिनेही दिलं नाही, रेणू.”

मी त्यांच्या ताटलीत आमटी वाढली, माझ्यासाठी एक वाटी घेतली आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले.